वाक्याच्या पोटातले वाक्य

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

एक इंग्रजी वाक्य म्हणतो, ते नीट ऐका. 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.' अवघे सात शब्द. 'हॉर्स' म्हणजे घोडा, 'रेस्ड' म्हणजे धावला, 'पास्ट द बार्न' म्हणजे कोठारावरून पुढे आणि 'फेल' म्हणजे पडला. यातला एकही शब्द अवघड नाही. तरीही हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला, अगदी जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यालाही, ते चुकलेलेच वाटते. घोडा कोठारावरून धावत गेला, इथे वाक्य संपले. मग शेवटचे 'फेल' कुठून आले? पडले कोण? कोठार? थॉमस बेव्हर या अमेरिकी अभ्यासकाने १९७० साली आपल्या एका लेखात हे वाक्य दिले, आणि तेव्हापासून भाषाशास्त्राच्या वर्गावर्गांत हा घोडा पडतोच आहे.

वाक्य मात्र शुद्ध आहे. घोडा आपणहून धावलेला नाही, त्याला कुणीतरी धावडवले आहे. 'द हॉर्स दॅट वॉज रेस्ड पास्ट द बार्न फेल', असे म्हटले की सगळे उलगडते. कोठारावरून पिटाळत नेलेला घोडा पडला. 'दॅट वॉज' हे दोन बारीक शब्द इंग्रजीने गाळले आणि ऐकणारा वाट चुकला. मराठीत हा गोंधळ होऊच शकत नाही. 'पिटाळत नेलेला' म्हटल्याबरोबर आपल्याला कळते, की हे घोड्याचे वर्णन आहे, खरी हकिकत पुढे यायची आहे.

आपल्या व्याकरणात याला एक छान शब्द आहे, पोटवाक्य. पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू यांच्याच घराण्यातला. शाळेत आपण याला गौणवाक्य म्हणत होतो आणि ज्यात प्रधानवाक्य व गौणवाक्य एकत्र येतात त्याला मिश्र वाक्य. परीक्षेला पृथक्करण येत असे, तेव्हा नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य असे तीन रकाने आखायचे, दोन गुण मिळवायचे आणि विसरून जायचे. पण इंग्रजी बोलताना-लिहिताना आपली जी अडचण होते, तिच्यातली बरीचशी शब्दांची नसते, या पोटभाडेकरूला घरात कुठे आणि कसे बसवायचे याची असते. आज बोलायचे आहे ते त्याबद्दल.

सगळ्यात साधा सांधा 'दॅट'चा. 'आय नो दॅट ही इज इल.' हा 'दॅट' मुळात 'ते' या अर्थाचे दर्शक सर्वनाम आहे. 'मला ते माहीत आहे: तो आजारी आहे.' अशी दोन सुटी वाक्ये शेजारी शेजारी राहून राहून जोडली गेली आणि 'ते' हा शब्दच जोड होऊन बसला, असे भाषांचे इतिहासकार सांगतात. जर्मन भाषेतही असेच घडले आहे. तिथला 'दास' म्हणजे 'ते' आणि 'दास' म्हणजे 'की', उच्चार एकच, फक्त लिहिण्यात फरक. आपल्या कानालाही हे परके वाटू नये. 'तो कुठे राहतो ते मला ठाऊक नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा आपले 'ते' हेच काम करीत असते. फरक इतकाच, की आपले 'ते' पोटवाक्याच्या शेवटी येते आणि इंग्रजीचे 'दॅट' त्याच्या दारावर उभे असते.

दारावरच्या या पहारेकऱ्याला इंग्रजी पुष्कळदा सुट्टी देते. 'आय थिंक ही लेफ्ट.' 'द बुक आय बॉट.' दोन्हीकडे 'दॅट' नाही आणि काही बिघडत नाही. पण ही सुट्टी सरसकट नाही. 'द मॅन केम यस्टरडे इज माय अंकल' असे आपल्याकडे कुणी कुणी बोलून जाते आणि ते चुकते. तिथे 'हू केम' हवेच. शाळेत हा नियम म्हणून पाठ करून घेतात. त्याचे कारण कुणी सांगत नाही, आणि कारण तर सोपे आहे. 'द मॅन केम' एवढे कानावर पडताच ऐकणारा तेच प्रधानवाक्य धरून चालतो, कारण कर्ता आणि मग क्रियापद ही इंग्रजी वाक्याची ठरलेली चाल. 'द बुक आय' म्हटले, की मात्र दोन नामे लागोपाठ येतात आणि त्या धक्क्यानेच कळते, की आता पोटवाक्य सुरू झाले. म्हणजे ज्या जागी 'हू' किंवा 'दॅट' गाळल्याने ऐकणारा फसेल तिथे ते गाळायचे नाही, असा हा व्यवहार आहे. घोड्याच्या वाक्यात इंग्रजीने स्वतःचीच ही सावधगिरी पाळली नाही, म्हणून तो घोडा पडला.

इंग्रजीत विभक्तिप्रत्यय फार थोडे उरले. त्यामुळे तिचा सगळा भरवसा शब्दाच्या जागेवर. 'व्हेअर डज ही लिव्ह?' हा प्रश्न. तोच दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, की 'आय डोंट नो व्हेअर ही लिव्ह्ज' होतो. 'डज' नाहीसे होते, कर्ता पुन्हा क्रियापदाच्या आधी येतो. क्रियापद पुढे उडी मारते ते फक्त प्रधानवाक्यात. पोटातल्या प्रश्नाला ती मुभा नाही. मराठीत 'तो कुठे राहतो' हे चार ठिकाणी तसेच्या तसे चालते, म्हणून आपल्या तोंडून 'आय डोंट नो व्हेअर डज ही लिव्ह' सहज निघते. याला गबाळेपणा म्हणू नये. आपल्या भाषेची ती सवय आहे.

दुसऱ्याचे बोलणे सांगतानाही हीच सवय आडवी येते. 'राम म्हणाला की मी उद्या येतो.' हा 'मी' कोण? राम. मराठी माणसाला इथे क्षणभरही शंका येत नाही. आपण 'की' लावतो आणि पुढे रामाचे शब्द रामाच्याच तोंडचे ठेवतो. किंवा 'मी उद्या येतो म्हणून राम म्हणाला' असे म्हणतो. 'म्हणून' शेवटी लावायची ही तऱ्हा कानडी, तेलुगू या आपल्या दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांशी जुळणारी आहे. इंग्रजीत 'दॅट' लावला, की रामाचे शब्द रामाचे राहत नाहीत. 'मी'चा 'तो' होतो, 'विल'चा 'वुड' होतो, 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी' होतो. सगळे सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजायचे. पोटभाडेकरूने घरमालकाचे घड्याळ लावायचे, असा हा करार आहे. यात इंग्रजीचे एक नुकसान होते. 'राम टोल्ड श्याम दॅट ही वुड गो' यातला 'ही' राम की श्याम, हे वाक्यावरून कळत नाही. आपल्याकडे 'मी जाईन' आणि 'तू जाशील' असा उघड फरक राहतो.

जाता जाता 'इफ'बद्दल. 'लेट मी नो इफ यू आर कमिंग' असा निरोप हल्ली लग्नाच्या आमंत्रणापासून कचेरीच्या बैठकीपर्यंत सगळीकडे येतो. 'येणार असाल तर कळवा' हा एक अर्थ, आणि 'येणार की नाही ते कळवा' हा दुसरा. पहिला अर्थ घेणारा माणूस यायचे नसेल तर गप्प बसतो, आणि दुसरा अर्थ मनात धरून निरोप पाठवणारा त्याच्या उत्तराची वाट पाहत ताटे मोजत राहतो. 'व्हेदर' वापरले असते तर हा घोळ झाला नसता. तो शब्द आहेच त्यासाठी.

आता स्वल्पविराम. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक इज अ डॉक्टर.' हेच पुन्हा म्हणतो, जरा थांबून. 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नाशिक, इज अ डॉक्टर.' पहिल्या वाक्यात मला भाऊ एकाहून अधिक आहेत आणि त्यांतला नाशिकचा डॉक्टर आहे. दुसऱ्यात भाऊ एकच, आणि नाशिकचा उल्लेख जाता जाता केलेला. शब्द तेच, क्रम तोच, फक्त दोन श्वास जास्त. पहिल्या प्रकारचे पोटवाक्य माणूस निवडून देते, दुसऱ्या प्रकारचे केवळ माहिती पुरवते. हेन्री फाऊलर या इंग्रज कोशकाराने १९२६ साली इंग्रजी वापराविषयीच्या आपल्या ग्रंथात सुचवले, की निर्जीव वस्तूंच्या बाबतीत निवडीसाठी 'दॅट' आणि नुसत्या माहितीसाठी 'विच' वापरावे, म्हणजे घोटाळा होणार नाही. चांगले चांगले लेखक असे वागत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होते. अमेरिकी संपादकांनी मात्र तो नियमच करून टाकला, आणि संगणकावर इंग्रजी लिहिताना 'विच'खाली कधी कधी जी रंगीत नागमोडी रेघ उमटते तिचे मूळ तिथे आहे. माझ्या मते ती रेघ खुशाल दुर्लक्षावी. स्वल्पविराम मात्र दुर्लक्षू नये. मराठीला हा स्वल्पविराम तसा नवाच. आपल्या जुन्या पोथ्यांत दंड होते, मोडीत तर तेही फारसे नव्हते. विरामचिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला देतात.

स्वल्पविरामावरून आणि पोटवाक्याच्या जागेवरून खरोखरीचे खटले होतात. २०२१ च्या १ एप्रिलला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. नोआ डुगिड नावाच्या गृहस्थाला फेसबुककडून त्याच्या फोनवर संदेश येत होते, की तुमचे खाते कुणीतरी अनोळखी ब्राउझरवरून उघडू पाहत आहे. गंमत अशी, की डुगिडचे फेसबुकवर खातेच नव्हते. संदेश थांबेनात, तेव्हा तो न्यायालयात गेला. नको असलेले फोन करणाऱ्या यंत्रांवर निर्बंध घालणारा १९९१ चा एक कायदा तिथे आहे. नियम मोडला तर प्रत्येक फोनमागे ५०० डॉलर, आणि जाणूनबुजून मोडला तर त्याच्या तिपटीपर्यंत भरपाई मिळू शकते. लाखो लोकांना संदेश पाठवणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने हा आकडा कुठवर जाईल, ते श्रोत्यांनी मनातच मोजावे.

प्रश्न होता असे यंत्र कशाला म्हणायचे हा. कायद्यातील व्याख्येचा आशय असा: दूरध्वनी क्रमांक साठवण्याची किंवा निर्माण करण्याची क्षमता असलेले उपकरण, मग एक स्वल्पविराम, आणि त्यापुढे 'यूझिंग' या शब्दाने सुरू होणारा तुकडा, 'यादृच्छिक किंवा क्रमवार आकडे काढणारे साधन वापरून'. शाळेचे व्याकरण या तुकड्याला नुसता वाक्यांश म्हणेल. पण त्यात क्रियापद आहे, कर्म आहे, आणि आजचे बरेच व्याकरणकार त्याला कर्ता व काळ गमावलेले पोटवाक्यच मानतात. हे पोटवाक्य लागू कुणाला? जवळच्या 'निर्माण करणे'ला, की लांबच्या 'साठवणे'लाही? डुगिडचे वकील म्हणाले, फक्त जवळच्याला. म्हणजे क्रमांक नुसते साठवून त्यांना आपोआप संदेश धाडणारे यंत्रही कायद्याच्या कक्षेत येते आणि फेसबुक दोषी ठरते. फेसबुकचे वकील म्हणाले, दोन्हीला. आम्ही क्रमांक साठवतो खरे, पण यादृच्छिक आकडे काढून नव्हे, म्हणून आम्ही त्यात बसत नाही.

खालच्या अपील न्यायालयाने डुगिडचे म्हणणे मान्य केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले, नऊही न्यायमूर्तींनी निकाल फेसबुकच्या बाजूने दिला. निकालपत्र न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिले. दोन क्रियापदे 'किंवा'ने जोडलेली असताना त्यांच्या शेवटी आलेला तुकडा सामान्य वाचक दोहोंनाही लावतो, आणि त्याआधीचा स्वल्पविराम हेच सुचवतो, असे त्यांनी म्हटले. शिवाय दुसरा अर्थ घेतला तर क्रमांक साठवणारा प्रत्येकाच्या खिशातला मोबाइलही त्या व्याख्येत जाईल, हाही धोका होता. न्यायमूर्ती अलिटो निकालाशी सहमत झाले, पण असे व्याकरणाचे नियम यांत्रिकपणे लावू नयेत असा इशारा त्यांनी वेगळा लिहून ठेवला. मला तो निकालाहून अधिक विचार करण्याजोगा वाटतो. 'साठवणे किंवा निर्माण करणे, आकडे काढणारे साधन वापरून.' मराठीत हे लिहायचे झाले तर आपण तो तुकडा आधी टाकला असता: 'आकडे काढणारे साधन वापरून क्रमांक साठवणारे किंवा निर्माण करणारे.' मग डुगिडला उभे राहायला जागाच उरली नसती. अर्थात मराठीतही दुसरी एखादी फट निघाली असती, वकील निघतात तशी.

पोटवाक्याच्या पोटात आणखी एक पोटवाक्य घालायचे ठरवले तर? शेपटीला शेपटी जोडत जाणे इंग्रजीला सहज जमते. 'द हाऊस दॅट जॅक बिल्ट' हे बालगीत त्याच युक्तीवर वाटेल तितके वाढते आणि तीन वर्षांच्या मुलालाही कळते. पण तीच पोटवाक्ये मध्यात कोंबा. 'द रॅट द कॅट द डॉग चेस्ड कॉट एस्केप्ड.' तीन नामे ओळीने, मग तीन क्रियापदे ओळीने. नियमाने पाहिले तर शुद्ध, आणि माणसाच्या डोक्याला न पेलणारे. शेवटच्या क्रियापदाशी येईतो पहिले नाम हातून निसटलेले असते. नोम चॉम्स्की आणि जॉर्ज मिलर यांनी १९६३ मध्ये अशा वाक्यांचा विचार करून दाखवले, की व्याकरणाची मुभा आणि स्मरणाची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता तीच हकिकत मराठीत ऐका. 'कुत्र्याने पिटाळलेल्या मांजराने पकडलेला उंदीर निसटला.' काही त्रास झाला? प्रत्येक क्रियापद आपल्या कर्त्यापाशीच मिटते. धातुसाधित विशेषण ही आपली फार मोठी सोय आहे आणि आपण तिचा उपयोग दिवसेंदिवस कमी करू लागलो आहोत.

त्याचे कारण भाषांतर. इंग्रजीतला 'हू' आला, की त्याच्या जागी 'जो' ठेवायचा, 'विच' आला, की 'जे'. 'तो माणूस, जो पुण्यात राहतो, आला.' आपल्याकडे 'जो' आहे, पण तो एकटा फिरत नाही. 'तो' बरोबर असतो आणि 'जो' बहुधा आधी येतो. जो येईल तो खाईल, जिथे धूर तिथे आग, जसे पेराल तसे उगवेल. ही जोडी फोडून 'जो' मध्येच घुसवला, की वाक्य वेगळेच चालू लागते. आणि आता 'जे की' आले आहे. 'त्यांनी राजीनामा दिला, जे की कुणालाच अपेक्षित नव्हते.' इंग्रजीत 'विच' हा शब्द मागच्या नामालाच नव्हे, तर मागच्या अख्ख्या वाक्याला लागू शकतो. 'ही रिझाइन्ड, विच सरप्राइज्ड एव्हरीवन'. ती सोय आपण उसनी आणली. तिची गरज नव्हती. 'त्यांनी राजीनामा दिला आणि ते कुणालाच अपेक्षित नव्हते', एवढ्याने भागते.

सगळीच उसनवारी वाईट असे मात्र मी म्हणणार नाही. १८७४ साली निबंधमाला सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजी निबंधकारांच्या तोलाची लांबलचक, पोटवाक्यांनी भरलेली वाक्ये मराठीत लिहिली आणि मराठी गद्याला एक नवा दम दिला. त्यांना दोन्ही भाषांचे सांधे ठाऊक होते. सरकारी अधिसूचनांतले 'ज्याअर्थी' हे इंग्रजी 'व्हेअरॲज'चे भाषांतर, पण करणाऱ्याने त्याला 'त्याअर्थी' हा जोडीदार दिला आणि ते मराठी झाले. कितीही कलमे मध्ये गेली, तरी 'त्याअर्थी' येईपर्यंत वाचणारा धीर धरून राहतो.

मराठी निर्दोष आहे असा समज नको. 'तो श्रीमंत होता म्हणून मी त्याच्याशी लग्न केले नाही.' लग्न झाले की नाही? श्रीमंती आडवी आली म्हणून झाले नाही, असा एक अर्थ; झाले, पण श्रीमंतीखातर नव्हे, असा दुसरा. इंग्रजीत 'बिकॉज'ने लिहिले तरी हीच पंचाईत. नकार प्रधानवाक्याचा, की पोटवाक्याचा, हे दोन्ही भाषा आवाजावर सोडतात. मराठीत एक 'काही' घातला, 'म्हणून काही मी लग्न केले नाही', की सुटका होते.

शेवटी एक वाक्य घेतो, वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातमीत शोभेल असे, मीच रचलेले. 'द मिनिस्टर, हू हॅड रिटर्न्ड फ्रॉम डेल्ही ऑन फ्रायडे, टोल्ड रिपोर्टर्स दॅट द ऑफिसर हूज रिपोर्ट हॅड लेड टु द इन्क्वायरी वुड बी ट्रान्सफर्ड.' यात तीन पोटवाक्ये आहेत. एक नुसत्या माहितीचे, स्वल्पविरामांतले. एक 'दॅट'चे. आणि त्या 'दॅट'च्या पोटात तिसरे, अधिकारी निवडून देणारे. शब्दाला शब्द ठेवला तर होते असे: 'मंत्री, जे शुक्रवारी दिल्लीहून परतले होते, त्यांनी पत्रकारांना सांगितले की तो अधिकारी, ज्याच्या अहवालामुळे चौकशी झाली, त्याची बदली होईल.' असे वाक्य छापून येते आणि वाचलेही जाते. आता पोटवाक्यांची कामे ओळखून लिहू. माहितीच्या पोटवाक्याला वेगळे बिऱ्हाड द्यायचे, निवडीच्या पोटवाक्याला 'जो-तो'ची जोडी द्यायची, आणि 'दॅट'च्या जागी आपले 'असल्याचे'. 'मंत्री शुक्रवारी दिल्लीहून परतले. ज्या अधिकाऱ्याच्या अहवालावरून चौकशी सुरू झाली, त्याचीच बदली होणार असल्याचे त्यांनी पत्रकारांना सांगितले.' यातल्या 'त्याचीच'मधला 'च' मूळ इंग्रजीत नाही. तो माझा आहे, आणि बातमी तपासणाऱ्याने तो खोडावा.